पट्टा काढलेला

"त्रेसष्ट नंबरला फोन केलात का?" मॅडमनी माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं. सकाळचे सव्वादहा झाले होते, माझा चहा अजून गरम होता, आणि मला कुणी मधेच मान वर करायला लावली की माझं डोकं फिरतं हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. "कशाला करायचा?" मी म्हणालो. "पट्टा काढलेला आहे. मी टाकलंय तसं." "ते दिसलं मला. पण छत्तीस तास सपाट आहे आणि माणूस सत्तरीच्या पुढचा आहे. अशा वेळी काढलेला म्हणायच्या आधी फोन करायचा, हे आपलंच ठरलंय ना?" बाई कधी आवाज चढवत नाहीत, उलट आणखी खाली आणतात, आणि मग समजायचं की काहीतरी चुकलंय. मी म्हणालो, करतो. त्या हलल्या नाहीत. हातातला नोंदणीचा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि नातेवाईकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे माझा फोन नंबर होता, माझ्याच अक्षरात. "कोण आहेत हे तुमचे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वडील." मॅडम म्हणाल्या, "अहो, मग उठा ना."

उठलो. पण उठताना आधी काय केलं असेल, तर पडद्यावर तो तक्ता पुन्हा उघडला. माणसाला सवयी लागतात त्या अशा. आमचं काम सांगायला सोपं आहे. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, ते कुणाचं कसं चालतं हे बघायचं. त्यासाठी लोकांच्या मनगटावर एक पट्टा बांधतो. तो हालचाल मोजतो, कातडीचं तापमान मोजतो, अंगावर उजेड किती पडला ते मोजतो, आणि उशाशी ठेवलेल्या डबीमार्फत रोज सकाळी सगळं आमच्याकडे पाठवतो. प्रत्येक दिवसाची एक आडवी ओळ. हललात की काळ्या रेघा, स्वस्थ पडलात की कोरी जागा. दीडशे माणसं आहेत, आणि ती रोज साफ करणारा मी. साफ करायचं म्हणजे नको ते काढायचं. कुणी आंघोळीला जाताना पट्टा काढतं, कुणी पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून काढतं. मग हालचाल शून्य होते, तापमान खोलीइतकं उतरतं, आणि मी तेवढा तुकडा निवडून एक बटण दाबतो. तुकडा राखाडी होतो, त्यावर 'पट्टा काढलेला' असं उमटतं आणि तो हिशोबातून जातो. दिवसाला साठ-सत्तर वेळा हे बटण दाबतो मी. बायको म्हणते, तुम्ही घरातसुद्धा माणसं निवडून राखाडी करता. ती चिडून म्हणते, आणि मी हसण्यावारी नेतो.

त्रेसष्ट नंबरच्या शेवटच्या दोन ओळी राखाडी होत्या. परवा संध्याकाळी आठपासून. म्हणजे हे बटण मी काल सकाळी एकदा दाबलं होतं आणि आज सकाळी पुन्हा एकदा. त्रेसष्ट म्हणजे अण्णा, हे मला पाठ आहे. मीच त्यांना घेतलं होतं यात, साडेतीन महिन्यांपूर्वी. सुरुवातीला रोज आल्याआल्या पहिला तोच तक्ता उघडायचो. मग दहाव्या नंबरनंतर, मग ओघात येईल तेव्हा. हात आपला चालतच असतो, डोळे त्याच्या मागून येतात. आता जिन्यावरून उतरताना मी विचार करत होतो तो या हाताचा. बाकीचा विचार मी अजून केलाच नव्हता. तो विचार तळमजल्यावर आला. सपाट रेघ, उतरलेलं तापमान. पट्टा टेबलावर ठेवला तरी रेघ अशीच येते, आणि माणूस गेला तरी अशीच येते. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि पुढच्या माणसाला मीही शिकवलं होतं, जरा चेष्टेनेच.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. वाजत होता तोपर्यंत फोनच्या यादीत खाली सरकत गेलो, अण्णांना शेवटचा फोन कधी केला ते बघायला. एकोणीस दिवस. मला खरं वाटेना. गेल्या आठवड्यात तर बोललो होतो. मग आठवलं की बोललो नव्हतो, त्यांचा तक्ता बघितला होता. रविवारी ते सव्वाआठला उठले होते, नेहमीपेक्षा उशिरा, आणि मी मनात म्हटलं होतं, छान, आज आरामात. एवढ्यावर माझं बोलणं झालं होतं. पट्टा बांधायच्या आधी मी एक दिवसाआड फोन करायचो. काय चाललंय, जेवलात का, औषध घेतलंत का. तेही तीच उत्तरं द्यायचे आणि दोघांनाही फोन कधी ठेवतोय असं व्हायचं. मग हा पट्टा आला आणि मी सुटलो. खोटं कशाला बोलू. संशोधनाला म्हातारी माणसं कमी पडतायत असं मी त्यांना सांगितलं होतं, तेही खरंच होतं. पण मला हवी होती ती सूट. आई गेल्यावर अण्णांच्या घरी जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. तिथे बसायचं आणि दोघांनी भिंतीकडे बघायचं. त्यापेक्षा एक ओळ बघितली की झालं.

टॅक्सी मिळाली. सिग्नलला थांबली की मी काचेवर बोटं वाजवायचो. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, त्याने सिग्नल लवकर सुटत नाही." मी बोटं मांडीखाली घेतली. मोठ्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, खाली नदीचं पाणी पितळेसारखं थांबलेलं दिसत होतं. मी फोनवर तक्ता उघडला, नियमात बसत नसताना. उजेडाची ओळ कुणी काढत नाही, पट्टा काढलेला असला तरी ती चालू राहते. काल सकाळी सातला उजेड वाढायला लागला होता. नऊ ते सव्वादहा एकदम चढला, म्हणजे थेट ऊन. मग उतरत उतरत संध्याकाळी साडेसातला शून्य. दिवा लागला नसेल, किंवा त्याचा उजेड तिथवर पोचत नसेल. पट्टा खिडकीपाशी पडलेला असणार. मला जरा धीर आला. मग आठवलं की अण्णांची कॉटही खिडकीलाच लागून आहे. डबी तिथेच, मीच ठेवली होती. म्हणजे खिडकीपाशी पट्टा पडलेला होता किंवा खिडकीपाशी अण्णा पडलेले होते, आणि नऊ ते सव्वादहा त्यांच्या हातावर ऊन होतं, आणि त्याच वेळी मी बटण दाबून पुढच्या नंबरवर गेलो होतो. मी फोन बंद केला. लगेच परत उघडला.

अण्णा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते, छत्तीस वर्षं, पाळ्यांवर. त्यांच्या पाळ्यांनी आमचं घर चालायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात आम्ही सकाळी कुजबुजत तयार व्हायचो. आई ओठांवर बोट ठेवून डबा भरायची. आतल्या खोलीत जाड पडदा ओढलेला आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी एकदा दप्तर घ्यायला आत गेलो होतो आणि त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिलो होतो, किती वेळ ते माहीत नाही. ती पाठ हलत नव्हती. मला भयंकर भीती वाटली होती. मी बाहेर येऊन आईला सांगितलं, अण्णा श्वास घेत नाहीत. ती आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, शहाणा आहेस, झोपलेत ते, माणूस गाढ झोपला की असाच पडतो. तेव्हापासून गाढ झोप म्हणजे अण्णा, हे माझ्या डोक्यात बसलं. आणि पट्ट्याने तेच सिद्ध केलं. रात्री दहा ते सकाळी सव्वापाच, मधे एकही रेघ नाही. दीडशे माणसांत अशी झोप कुणाची नाही. नवीन लोकांना दाखवायला मॅडमनी त्यांचा एक तक्ता भिंतीवर लावलाय, नाव नाही, फक्त नंबर. मी जाता येता बघायचो आणि मला उगाच अभिमान वाटायचा, जसा काही तो झोपेचा नमुना माझ्या मेहनतीचा आहे. मला स्वतःला झोपेची गोळी लागते, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या इमारतीच्या खाली चष्म्याचं दुकान आहे. दुकानदार काचा पुसत दारात उभा होता. त्याला मी विचारलं, अण्णा दिसले का. तो म्हणाला, "परवापासून नाही दिसले. रोज पेपर न्यायला उतरतात, दोन दिवसांचे पेपर माझ्याकडेच पडलेत." आणि ते दोन पेपर त्याने माझ्या हातात दिले. मी ते घेऊन जिना चढलो. किल्ली घरी राहिली होती, खिळ्याला, बायकोच्या किल्ल्यांच्या मागे. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझा श्वास पुरत नव्हता आणि मी काय करणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. बेल वाजवली. आत काही नाही. दाराला कान लावला. दाराच्या लाकडाला रंगाचा जुना वास येत होता. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण वाटलं ते असं, की हे मी कुणालाही सांगू शकणार नाही. बायकोला नाही, ताईला नाही. काल कळायला हवं होतं आणि मी साफ केलं. दुसऱ्यांदा बेल वाजवली आणि बोट काढलंच नाही.

"अरे, येतोय. बहिरा नाही मी," आतून आवाज आला.

अण्णांनी दार उघडलं. अंगात बनियन, एका गालावर साबण, हातात दाढीचा ब्रश. माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आलास," ते म्हणाले आणि मोरीकडे परत गेले. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. मला त्यांचा असा संताप आला की हातातले पेपर मी खुर्चीवर आपटले. "फोन का नाही उचलला?" "उचलला असता तर तू आला असतास?" मोरीतून उत्तर आलं. नळ वाजत राहिला. पट्टा खिडकीत होता, डबीच्या शेजारी नीट सरळ ठेवलेला, बक्कल लावून.

ते तोंड पुसत बाहेर आले आणि कॉटवर बसले. मला खुर्ची दाखवली. पेपर बाजूला करून, खुर्ची कॉटच्या कडेला ओढून मी बसलो. "हे काय चालवलंय तुम्ही?" मी विचारलं. आवाज चढलाच होता. अण्णा टॉवेलाची घडी घालत म्हणाले, "आमच्याकडे पंपावर एक पद्धत होती. दाबाचा काटा आमच्याकडे, पण तो बघणारा माणूस दुसरीकडे, कंट्रोल रूमला. आता तो खरोखर बघतोय की नाही हे आम्हाला कसं कळणार? मग महिन्यातून एकदा कुणालाही न सांगता वायर काढायची आणि घड्याळ लावायचं. जागा असला तर तीन मिनिटांत फोन. डुलकी लागली असली तर सात-आठ मिनिटं. एकदा एकाने बावीस मिनिटं लावली, त्याची बदली झाली."

"मग?"

"मग काय. काढली वायर." त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. "पहिल्यांदा अडीच तास काढला होता. म्हटलं एवढ्यात कळेल, तूच सांगितलं होतंस की मिनिटामिनिटाचं दिसतं. नाही आलास, फोनही नाही. म्हटलं कामात असशील. दुसऱ्यांदा दुपारभर ठेवला. तिसऱ्यांदा रात्रभर. त्या दिवशी तर मी दोघांचं जेवण करून ठेवलं होतं. यावेळी ठरवलं, की आता तो येईपर्यंत बांधायचा नाही. आणि खाली उतरायचं नाही, नाहीतर मी खाली जायचो आणि तू येऊन परत जायचास."

त्या तिन्ही वेळा माझ्या हाताखालून गेल्या होत्या. मला एकही आठवत नव्हती. आठवायला त्या काही होत्याच नाहीत, अडीच तास म्हणजे आंघोळ आणि विसराळूपणा, दुपारभर म्हणजे पाहुणे, रात्रभर म्हणजे पट्टा खुपत असेल. नियमात चोख बसणारे तुकडे. मी घर राखाडी करत होतो आणि घरात एक माणूस घड्याळ लावून बसला होता. अण्णांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांनी ही गोष्ट मला कामातली अडचण सांगावी तशी सांगितली. आणि मग, जरा कौतुकानेच, त्यांनी विचारलं, "आज कसं कळलं पण?"

इथे मला सुटायला जागा होती. रेघ सपाट दिसली आणि धावत आलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, चेहऱ्यावर तसं सरळ लिहिलेलं होतं, आणि एरवी मी असल्या बाबतीत फार कटकट करत नाही, ज्याला जे हवं ते देऊन मोकळा होतो. तोंड उघडलंही होतं. पण अण्णांनी टॉवेलावरचे दोन्ही हात थांबवून ठेवले होते, आणि मला वाटलं, आता खोटं बोललो तर हेही मी बटण दाबूनच निघालो.

"मला नाही कळलं," मी म्हणालो. "आमच्या मॅडमना कळलं. मी काल सकाळी बघितलं, आज सकाळी बघितलं आणि पट्टा काढलेला असं लिहून टाकलं. त्यांनी विचारलं नसतं तर उद्याही तेच केलं असतं. आधीच्या तिन्ही वेळेला तेच केलं."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा एक हॉर्न आला आणि गेला. मग अण्णांनी मान हलवली, जशी ते पूर्वी पंपाचा खराब झालेला भाग हातात घेऊन हलवायचे. "बाईंना सांग, लक्ष आहे त्यांचं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बरं झालं सांगितलंस."

त्यानंतर आम्ही नेहमीसारखे भिंतीकडे बघत बसलो. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. हातांचं काय करावं कळेना. या माणसाचे साडेतीन महिन्यांतले सगळे तास माझ्याकडे होते, तापमानासकट, आणि त्याला विचारायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. शेवटी जे आलं ते विचारलं. "झोप कशी लागते, अण्णा?"

"तुझ्याकडे आहे ना सगळं कागदावर."

"कागद राहू दे. तुम्ही सांगा."

"नाही लागत," ते म्हणाले.

मी म्हणालो, असं कसं, दहा ते सव्वापाच तुम्ही हलतसुद्धा नाही. ते म्हणाले, "हलत नाही. हललो तर तुझी आई उठायची. तिची झोप अशी सावध होती की चादर ओढली तरी डोळे उघडायची, आणि मग तिला पहाटेपर्यंत झोप नाही. पाळ्यांनी माझी झोप तर पहिल्या पाच वर्षांतच गेली. मग निदान तिची तरी राहू दे म्हणून तसाच पडायचो, भिंतीकडे तोंड करून. तुम्ही पोरं शाळेत जायच्या गडबडीत असायचात तेव्हाही जागाच असायचो मी. सगळं ऐकू यायचं." "पण आता," मी म्हणालो आणि थांबलो. "आता कोण उठणार आहे," अण्णा म्हणाले. "पण अंगाला कुठे कळतंय ते. रात्रभर पडून वरच्या टाकीत पाणी चढताना ऐकतो. साडेतीनला जरा डोळा लागतो कधीकधी."

आमचा पट्टा न हलण्याला झोप म्हणतो. हा त्याचा दोष सगळ्यांना माहीत आहे, आमच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेला आहे, आणि मला तो तोंडपाठ आहे. भिंतीवर टांगलेला तो तक्ता, झोपेचा नमुना, म्हणजे एक माणूस रात्रभर जागा राहून कुणाला तरी जपत पडलेला. आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी बोलायला लागलो ते नुसतं बोलत राहायचं म्हणून. ऑफिसातलं सांगितलं, बायको काय म्हणते ते सांगितलं, माझ्या गोळीचं सांगितलं, जे मी कुणाला सांगत नाही. त्या गोळीचं नाव त्यांनी विचारलं आणि म्हणाले, रोज नको घेऊस. मी पुढे बोलत राहिलो. मोठ्या मुलीच्या परीक्षेचं, घरातल्या गळक्या नळाचं, त्यावर त्यांनी वॉशर बदल म्हणून सांगितलं, अर्धवटच. मग त्यांचं हूं हूं विरळ झालं.

मी बघितलं तर ते बसल्याजागी भिंतीला टेकून झोपले होते. आणि काय झोप. तोंड उघडं, खांदा मधेच उडायचा, बोटं टॉवेल चिमटायची, पाय एकदा झटकला तो माझ्या खुर्चीला लागला. घशातून आवाज येत होता. पट्टा हातावर असता तर काळ्या रेघांचं जंगल आलं असतं आणि मी लिहिलं असतं, जागे. त्यांचं डोकं हळूहळू घसरत आलं आणि माझ्या दंडावर टेकलं. खिशातला फोन थरथरला, मॅडमचाच असणार, काय झालं विचारायला. तो घ्यायचा तर हात हलवावा लागला असता. दुपारचे पावणेबारा झाले होते. दंड दुखायला लागला होता, मग तो बधिर झाला, आणि मी तसाच बसून राहिलो.